फार नीट करतेस तू

“फार नीट करतेस तू,” ती माझ्या कानाशी म्हणाली आणि तिने माझं मनगट धरलं.

चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं दगडी भांडं होतं. त्यात बोटं बुडवून मी कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस केला होता, अगदी शिकवल्याबरहुकूम. मागे बायकांची रांग खोळंबली होती. बाईची पकड अशी की कळ हाडापर्यंत गेली, पण चेहऱ्यावर हसू. बघणाऱ्याला वाटावं, पोरीचे लाड चाललेत.

“नीट करायचं नाही का?” मी विचारलं.

“हाताकडे बघत होतीस. बघू नकोस. आणि घाई कर. जेवायला उशीर झालाय असं समजून कर.”

मनगट सोडून तिने स्वतः क्रूस केला. माशी वारावी तसा, लक्ष भलतीकडेच. मग कडक इस्त्रीचा रुमाल डोक्यावर सारखा करत ती पहिल्या बाकाकडे गेली. तिथे तिची जागा ठरलेली होती. तिचा नवरा वरच्या माळ्यावर बसून चर्चचा ऑर्गन वाजवायचा, आणि त्या गावात पाद्र्याच्या खालोखाल मान त्याचा होता.

ही लेओकादियाबाई. गावात मी सगळ्यात जास्त भ्यायचे ती हिला.

मी तेव्हा स्तेफ्का होते. अपोलोनियामावशीच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, शहरावर बॉम्ब पडले म्हणून खेड्यात आणून ठेवलेली. गावाला असं सांगितलेलं होतं. खरं म्हणजे मी काच बसवणाऱ्या मोत्केची गीतल. माझे वडील पाठीला काचा बांधून गावोगाव हिंडायचे, अपोलोनियामावशीच्या खिडक्या त्यांनीच बसवल्या होत्या. जर्मन लोक आमच्या गल्लीतली माणसं गाड्यांत भरून नेऊ लागले, तेव्हा एका पहाटे ते मला तिच्या दारात घेऊन आले. मावशी विधवा, आडव्या बांध्याची, तोंडाने फटकळ. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, “पायातलं काढ आणि आत ये. चिखल आणलास तर बघ.” वडील गेले. ते आणि आई यांचं पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. ते मी इथे सांगत नाही.

पोलंडमधल्या त्या गावाचं नावही सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

हे मी मराठीत का सांगते, तेही सांगून टाकते. लढाईनंतर मी इस्राएलला आले, लोद गावात राहिले आणि तिथल्याच एका झिराडकरशी लग्न केलं. अलिबागजवळच्या झिराडचे ते लोक, कोकणातले ज्यू. सासूबाई मिलकाबाई, त्यांनी हिब्रू बोलायला साफ नकार दिला होता. म्हणायच्या, “देवाशी बोलायची भाषा ती. तिच्यात भेंडीचा भाव कसा करू?” तेव्हा मराठी शिकायची पाळी माझ्यावर आली. माझं नाव मात्र त्यांना पहिल्या दिवशीच जमलं. झिराडला त्यांच्या शेजारी शीतल होती म्हणे, मग गीतल काय वाईट? पोलिश भाषेत मी भ्याले. यिद्दिश ही आमची घरची भाषा, ती बोलणारे सगळे मेले. मराठीत मात्र माझ्यावर कधी काही गुदरलं नाही. मराठीत मी भांडले, कालवणं केली, पोरं वाढवली. म्हणून हे मला मराठीतच सांगता येतं. अपोलोनियामावशी माझ्या तोंडून सासूबाईंसारखी बोलली तर हसू नका, दुसऱ्या कुठल्या म्हातारीचं मराठी मला येत नाही.

तर मावशी. तिच्या घरात शिरल्यावर पहिल्याच दिवसांतली गोष्ट. तिने मला अंडी फोडायला दिली. मी फळीवरची एक वाटी घेतली, अंडं वाटीत फोडलं, खिडकीशी नेऊन उजेडात बघितलं आणि मग तव्यात ओतलं. दुसरं घेतलं, तेही तसंच.

“काय चाललंय तुझं?” मावशीने विचारलं.

“रक्त आहे का बघते.”

आम्हा ज्यूंच्या घरांत हे असंच असतं. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला तर ते खायचं नाही, टाकायचं. म्हणून प्रत्येक अंडं आधी वेगळ्या भांड्यात फोडायचं, बघायचं, मग बाकीच्यांत मिसळायचं. झिराडच्या सासूबाईही हेच करायच्या. पोरीला हे कुणी शिकवत नाही, आईच्या हाताकडे बघून ते हातात उतरतं.

मावशीने ओल्या फडक्याचा एक रट्टा माझ्या हातावर ठेवून दिला. “इथे अंडं बघायचं नाही गो, खायचं! कुणी पाहिलं असतं म्हणजे? मी पण मेले असते आणि तू पण.”

ती वाढवून बोलत नव्हती. ज्या घरात ज्यू सापडेल त्या घरातल्या सगळ्यांना गोळी, असा हुकूमच होता. चावडीच्या भिंतीवर तो चिकटवलेला होता. बाजाराच्या गावी एका सुताराच्या घरी असं झालंही होतं. मावशीला हे सगळं माहीत असून तिने मला ठेवून घेतलं. का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “आता घेतलं तर घेतलं. कोंबडी आहेस का तू, बाजारात परत द्यायला?”

त्या दिवसानंतर मी अंडं कधी बघितलं नाही. सरळ तव्यात फोडायचे. त्यात काय आहे ते बघायचं नाही म्हणून डोळे वर करायचे.

प्रार्थना मला मावशीने शिकवल्या, पण तिला शिकवता येत नव्हतं. गुडघा कधी टेकायचा, मान कधी लववायची, विचारलं की म्हणायची, “मला काय विचारतेस? करतात तसं कर.” ते खरंही होतं. जन्मापासून जे करतो ते आपण कसं करतो, हे कुणाला सांगता येतं? मग मी लोकांकडे बघून बघून पाठ केलं. आणि दर रविवारी लेओकादियाबाई माझ्यात काही ना काही खोट काढायची. कधी दाराशी, कधी बाहेरच्या झाडाखाली, पण नेहमी कानाशी. “‘आमेन’ म्हणताना इकडेतिकडे बघतेस. कोण कधी म्हणतंय ते चाचपतेस का?” “गुडघा टेकून लगेच ऊठ. एवढी भक्ती इथे पाद्र्यालाही नाही.” “गाताना शब्द चुकव जरा. सगळ्यांचे चुकतात.”

मला वाटायचं, ही मांजर आहे आणि मी उंदीर. हिने मला ओळखलंय, आणि खायच्या आधी खेळवते आहे.

“तिच्यापासून चार हात लांब राहा,” मावशी म्हणायची. “कुठून पूर्वेकडून आली, म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलं आणि आता जगाची मालकीण झाली सटवी. काल विहिरीवर काय म्हणाली ठाऊक आहे? एकेक ज्यू बिळातून हुडकून काढला पाहिजे म्हणे. मी म्हटलं, बाई, आधी तुझी बादली भर.”

नातवंडं विचारतात, आजी, तुला सारखी भीती वाटायची का? नाही वाटायची. भीती पहिले काही दिवस वाटली. पुढे दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसं झालं. आत काहीतरी खणताहेत एवढं कळायचं. आई आठवायची नाही. तिचा चेहरा आणू म्हटलं तर येत नसे, आणि येत नाही याचं दुःखही होत नसे. लोक म्हणतात, पोर दगड झाली होती. दगडाला एवढी भूक लागत नाही. मला भूक मात्र फार लागायची.

ईस्टरच्या आधीचा आठवडा होता. त्या दिवसांत तिकडे घरोघरी बाब्का करतात, म्हणजे आपल्या केकच्या वळणाचा, भरपूर अंड्यांचा गोड पाव. लेओकादियाबाईची भट्टी तडकली होती, आणि गल्लीत मोठी भट्टी फक्त मावशीकडे. सकाळीच बाई येऊन उभी राहिली. एका हातात पीठ, दुसऱ्या हातात अंड्यांची परडी. ऑर्गनवाल्याची बिदागी गाव अंड्यांतच द्यायचं, त्यामुळे लढाईच्या दिवसांतही तिच्याकडे अंडी असत.

“भट्टी हवी होती,” ती म्हणाली. ‘कृपा करून’ वगैरे काही नाही.

“भट्टी कुणाच्या बापाची आहे?” मावशी म्हणाली. “पण निम्मा पाव माझा.”

“तिसरा हिस्सा.”

“निम्मा, नाहीतर नवऱ्याच्या ऑर्गनमध्ये भाज जा.”

निम्म्यावर ठरलं. मावशी लाकडं आणायला परसात गेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. मी हातातल्या चाळणीकडे बघत राहिले.

“तू पीठ चाळ. अंडी मी फोडते,” बाई म्हणाली.

मोठं पातेलं पुढ्यात ओढून ती एका हाताने अंडी फोडू लागली. टक, टक. अंडी सरळ पातेल्यात, टरफलं कोपऱ्यात. हात सराईत होता, गावातली कुठलीही बाई फोडेल तसा. मी चाळत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुत्रं भुंकलं. मग दुसरं. मग मोटारीचा आवाज आला. त्या गावात मोटार एकाच जातीच्या लोकांची येत असे. पाठोपाठ वालेन्ती ओरडत गेला. हा गावचा मुखिया, आपल्याकडे पाटील असतो तसा. “घराबाहेर पडू नका! झडती आहे! आहात तिथेच थांबा!”

बाईचा हात हवेतच थांबला.

मग पुन्हा सुरू झाला. पण आता तो वेगळाच हात होता. तिने न बघता फळीवरची एक वाटी काढली. अंडं वाटीत फोडलं. वाटी खिडकीकडे कलती केली, उजेडात बघितलं, पातेल्यात ओतलं. दुसरं अंडं. वाटी, खिडकी, पातेलं. ओठ घट्ट मिटलेले, कान बाहेर लागलेले, आणि हात आपले आपण चाललेले. पुढच्या अंड्यात मोहरीएवढा लाल ठिपका होता. तिने ते डुकराच्या बादलीत भिरकावलं, वाटी पाण्याने विसळली, फडक्याने पुसली आणि पुढचं अंडं उचललं.

लढाईच्या दिवसांत, घरातली माणसं बटाट्याची सालं उकडून खात असताना, एक धडधाकट अंडं डुकराला.

माझी चाळणी थांबली. ती थांबली म्हणून बाईने वळून पाहिलं.

“काय बघतेस?”

“काही नाही.”

“मग थांबलीस का?”

गावातली दुसरी कुठलीही पोर म्हणाली असती, अहो, चांगलं अंडं वाया का घालवता? मी तसं म्हणाले नव्हते. मी बादलीकडे बघितलं होतं, मग वाटीकडे, मग तिच्या तोंडाकडे. आणि मी काय काय बघितलं, कुठल्या क्रमाने बघितलं, तेही तिने पाहिलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिचा चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता. माझाही झाला असेल.

तिने वाटी फळीवर परत ठेवली. “पीठ चाळ,” ती म्हणाली. आवाज तोच, विहिरीवरचा.

मी चाळू लागले. मला आनंद झाला का? नाही. आपलं माणूस भेटलं वगैरे काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की आता दोघी आहोत, आणि एकीपेक्षा दोघी लवकर सापडतात.

दार लाथेनेच उघडलं. जर्मन शिपाई आत आला. वयस्कर, सर्दीने बेजार, हातात रुमाल. त्याच्यामागे वालेन्ती, आणि त्याच्यामागे मावशी, अजून लाकडं उराशी धरलेली. दुसरा एक शिपाई अंगणात उभा राहिला.

“अपोलोनिया,” वालेन्ती म्हणाला, तिच्याकडे बघायचं टाळत. “कुणीतरी सांगितलंय यांना. तुझ्या घरातली पोर ज्यूची आहे म्हणून.”

“कुणाच्या जिभेला हाड नाही एवढं?” मावशी म्हणाली. “बहिणीची पोर आहे. कागद आहे तिचा.”

तिने देवाच्या तसबिरीमागून माझा बाप्तिस्म्याचा कागद काढून दिला. तो कागद खरा होता, फक्त ती स्तेफ्का मेली होती. शिपायाने तो उलटसुलट केला, शिंकला, आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला.

“‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून दाखव म्हणतोय,” वालेन्तीने सांगितलं. “म्हण, पोरी.”

ती प्रार्थना मी झोपेतही म्हणायचे. मावशी मला रात्री हलवून उठवायची आणि मी डोळे न उघडता घडाघडा म्हणायचे. पण तेव्हा तोंडच उघडेना. भीतीने नव्हे. मी कुठेच नव्हते. माझ्या नाकासमोर शिपायाचं बटण होतं, एक टाका सुटलेलं, आणि मला वाटत होतं की हे बटण आज ना उद्या पडणार, कुणीतरी शिवून द्यायला हवं.

“म्हण ना,” वालेन्ती म्हणाला.

मावशीच्या हातातून एक लाकूड खाली पडलं. शिपायाने रुमाल खिशात ठेवला. ते बघून मला कळलं की आता त्याला दोन्ही हात मोकळे हवे आहेत.

आणि माझ्या गालफडात अशी थप्पड बसली की मी पिठाच्या परातीवर आपटले.

“घुमी मेली!” लेओकादियाबाई किंचाळली. “दर रविवारी हेच! दर रविवारी चारचौघांत माझी मान खाली घालायला लावते! शिकवून शिकवून माझी जीभ झिजली, आणि ही थोबाड मिटून उभी! पाटील, सांगा त्यांना, ही पोर अशीच आहे, आईपण हिची अशीच मठ्ठ होती.”

“तू तिच्या आईला कुठे पाहिलंस?” वालेन्तीने विचारलं. “तू तर पूर्वेकडची ना?”

बाईला अजूनही म्हणता आलं असतं, चुकले, दुसरी कुणीतरी असेल. पाव भाजायला आलेली शेजारीण ती, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. दाराबाहेर पडून घरी गेली असती तर कुणी अडवलं नसतं.

“आमच्याच गावात नोकरीला होती ती,” बाई म्हणाली. “हिच्या बाप्तिस्म्याला मी हजर होते. या हातांत धरली होती हिला. सांगा त्यांना. हिच्याबद्दल शंका असेल तर माझ्याबद्दलही घ्या म्हणावं. विचारा हवं तर अपोलोनियाला.”

मावशीने आयुष्यात या बाईशी एक गोड शब्द काढलेला नव्हता. तिने डोळ्याची पापणी लवू दिली नाही.

“होती की नोकरीला,” ती म्हणाली. “तिथेच हिच्या बापाला भेटली, त्या उंडग्याला. नसती गेली तर आज जिवंत असती.”

गाल पेटला होता. खरं सांगते, त्या थपडेने मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी काहीतरी दुखलं होतं. ते दुखणं धरून मी परत आले, परातीवरून उठले आणि म्हणू लागले. भराभर म्हटलं, शब्द गिळत म्हटलं, मधलं एक वाक्य चुकवलं, शेवटी क्रूस केला तो हाताकडे न बघता. नाकातून पीठ गळत होतं. वालेन्ती हसला. त्याला हसू आलं की सुटका झाली, कुणास ठाऊक, पण हसला.

शिपाई हसला नाही. तो बाईकडे वळला आणि हात पुढे केला. तिचा कागद हवा होता.

तिने चोळीच्या आतून घडी केलेला कागद काढला. लढाईत सगळे आपापला कागद अंगावरच बाळगत. त्याने तो वाचला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. ती त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी होती. चोरी पकडल्यासारखी नव्हे, उगाच खोळंबा केल्याबद्दल वैतागलेल्या बाईसारखी. तिचे हात पाठीशी होते, आणि मी तिच्या मागे होते म्हणून मला दिसले. एका हाताने तिने दुसऱ्या हाताचं बोट असं पिळलं होतं की ते पांढरं पडलं होतं.

त्याने कागद परत दिला. मग परडीकडे बोट दाखवलं.

“अंडी हवीत म्हणतोय,” वालेन्ती म्हणाला.

“घेऊन जा म्हणावं,” बाई म्हणाली. “परडी मात्र परत हवी.”

परडी परत आली नाही. मोटार गेली, कुत्री गप्प झाली. मावशी लाकडांसकट मटकन जमिनीवर बसली. पातेल्यात होती तेवढी अंडी घेऊन लेओकादियाबाई फेटायला लागली.

“तू का खोटं बोललीस?” मावशीने विचारलं.

“एवढे रविवार घालवलेत हिच्यावर,” बाई म्हणाली. “वाया जातील म्हणून.”

“अगो, पण मी तुला खोटं पाडलं असतं म्हणजे?”

“साखर कुठे आहे?”

मावशीने उठून साखरेचा डबा काढून दिला. त्या दिवशी बाब्का झाला. अंडी कमी म्हणून फुगला नाही, पण झाला. बाई आपला निम्मा हिस्सा फडक्यात बांधून गेली. मावशी दारात उभी राहून म्हणाली, “माणसाचं काही सांगता येत नाही गो. मी आपली तिला सटवी समजत होते.” मी तिला वाटीचं सांगितलं नाही. मावशीने आधीच एक गुपित पोसलं होतं, आणखी एक तिच्या गळ्यात कशाला?

त्यानंतर बाई माझ्याशी चांगली वागू लागली, असं काही झालं नाही. विहिरीवर ती तशीच गरजायची. चर्चच्या दाराशी माझं मनगट तसंच आवळायची. त्या सकाळबद्दल आमच्यात कधी एक अक्षर झालं नाही, नजरेनेसुद्धा नाही. एकदा शेताच्या वाटेवर आम्ही दोघीच समोरासमोर आलो, लांबवर माणूस नव्हतं. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, “वेण्या घट्ट घाल,” आणि पुढे गेली. तिच्या नवऱ्याला ती कोण आहे हे माहीत होतं की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. पुढे तिला मुलगी झाली. नवऱ्याने बारशाच्या दिवशी ऑर्गन एवढा बडवला की पाद्र्याने वर निरोप पाठवला.

मग जर्मन गेले, रशियन आले, आणि उन्हाळ्यात एक माणूस घोडागाडी करून गावात आला. हेनोख त्याचं नाव. हाडं मोजून घ्यावीत असा, आणि भर उन्हाळ्यात अंगात लांब कोट. शहरात उरलेल्या ज्यूंनी समिती काढली होती, आणि लपवलेली मुलं हुडकत तो खेडोपाडी फिरत होता. मावशीनेच कुणाकडून तरी निरोप धाडला होता. मला न्हाऊमाखू घालून, नवा झगा चढवून तिने अंगणात उभं केलं. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती. मी रडले नाही. मला जायचं नव्हतं आणि राहायचंही नव्हतं.

अंगणाच्या फाटकाशी गाव गोळा झालं होतं. स्तेफ्का ज्यूची निघाली, हे बघायला. काही जण हसत होते, काही मावशीकडे असे बघत होते की मला ते आवडलं नाही. लढाई संपली होती, पण जिवंत परतलेल्या ज्यूंना त्यांच्याच गावात मारल्याच्या बातम्या आजूबाजूने येत होत्या. लेओकादियाबाई मुलीला कमरेवर घेऊन पुढेच उभी होती, मागे तिचा नवरा.

हेनोख माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि यिद्दिशमध्ये बोलू लागला. एवढ्या दिवसांत मी ती भाषा ऐकली नव्हती. मला सगळं कळत होतं. आईचं नाव काय, वडील काय करायचे. मी पोलिशमध्ये सांगत गेले.

“आता नीट आठव,” तो म्हणाला. “या गावात आपलं आणखी कुणी आहे? एखादं मूल, एखादी बाई, कुणी लपलेलं? घाबरू नकोस, आता सांगायला हरकत नाही. आम्ही फार थोडे उरलोय गं. एक माणूस जास्त मिळालं तरी आम्हाला हवंय.”

हे तो खुल्या आवाजात बोलला, कारण त्या अंगणात त्याची भाषा कुणाला कळत नव्हती. कळत होती ती फक्त दोघींना.

मी फाटकाकडे बघितलं. लेओकादियाबाई मुलीच्या टोपऱ्याची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तिने मान हलवली नाही. ‘हो’ म्हणूनही नाही आणि ‘नाही’ म्हणूनही नाही. मी काहीही म्हणाले असते तरी तिला ते घ्यावं लागलं असतं, आणि तिला ते माहीत होतं.

“कुणी नाही,” मी म्हणाले. “मी एकटीच होते.”

हे मी यिद्दिशमध्ये म्हणाले. हेनोखने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तो उठला आणि मावशीशी बोलायला गेला, तिचे आभार कसे मानावेत ते त्याला जमत नव्हतं.

मला गाडीत बसवलं. घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी होती, ती काढायला गाडीवान पुढे गेला होता. लेओकादियाबाई चाकाशी आली. मुलगी कमरेवर तशीच. एका हाताने तिने माझ्या अंगाभोवतीची शाल ओढून घट्ट केली, लोक बघत होते म्हणून जरा जोरातच, आणि गाठ मारायला वाकली.

“माझं नाव पेरल,” ती आमच्या भाषेत म्हणाली. ओठ हलले नाहीत. “एकदा म्हण.”

“पेरल,” मी म्हणाले.

तिचे हात गाठीवर थांबले.

“आणखी एकदा.”

“पेरल.”

तिने डोळे मिटले. मुलीने तिच्या डोक्यावरचा रुमाल ओढला, तरी तिने ते उघडले नाहीत.

“लेओकादिया!” फाटकातून नवऱ्याने हाक मारली. “पोरीला ऊन लागतंय.”

“आले,” ती म्हणाली, मुलीला कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतलं आणि गेली.